आधी स्टूल ओढून बसायला शिकवा

संपादक साहेब, नमस्कार.

मी ३१ वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, त्यातली बरीचशी सर्जरीच्या वॉर्डात, आणि तेही जिथे डॉक्टर घडवतात अशा हॉस्पिटलात. म्हणजे दर थोड्या महिन्यांनी नवीन बॅच यायची, गळ्यात कोरा स्टेथोस्कोप, खिशात छोटी डायरी, आणि कुठे उभं राहायचं हे पण कळत नसायचं बिचाऱ्यांना. आता रिटायर आहे, पेपर सावकाश वाचायला वेळ मिळतो. डॉक्टरांबद्दलची पत्रं हमखास वाचते. कोणी लिहितं डॉक्टरांना माणुसकी राहिली नाही, ते वाचून मला वाईट वाटतं कारण मी रात्र रात्र पेशंटजवळ बसलेले डॉक्टर बघितलेत. आणि कोणी लिहितं की मेडिकलच्या मुलांना नीतिशास्त्र हा विषय सक्तीचा करा, पेपर ठेवा, मार्क ठेवा, म्हणजे सगळं सुधारेल. यावर मात्र मला राहवलं नाही म्हणून लिहायला बसले, कारण पेपर ठेवून काय होतं आणि काय होत नाही ते मी वॉर्डात उभं राहून बघितलंय.

एक प्रसंग सांगते. नाईट ड्युटी होती, अकरा वाजून गेले असतील. एक आजी होत्या, शुगरमुळे पाय काळा पडला होता, दुसऱ्या दिवशीच्या लिस्टवर त्यांचा पाय गुडघ्याखाली कापायचा होता. इंटर्न मुलगी आली, हातात सात पेशंटचे कन्सेंट फॉर्म आणि शाईचं पॅड. आजींनी पॅड बघितल्याबरोबर आपणहून अंगठा पुढे केला. काही विचारलं नाही, कारण हॉस्पिटलात आल्यापासून सगळे त्यांना हेच सांगत होते, इथे अंगठा द्या, तिथे अंगठा द्या. मी बाजूच्या बेडचं सलाईन बदलत होते. मला काय वाटलं कोणास ठाऊक, मी नुसतं विचारलं, आजी, उद्या काय करणारेत माहितीये ना? त्या म्हणाल्या, पाय साफ करणारेत ना.

ती मुलगी जागच्या जागी थांबली. फॉर्मवर सगळं लिहिलेलं होतं हो, डॉक्टरी भाषेत, नियमाप्रमाणे. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, सिस्टर, सरांनी सांगितलंय सातच्या आत सगळ्यांच्या सह्या झाल्या पाहिजेत. मी काही बोलले नाही, कोपऱ्यातलं स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं. ती बसली. आणि मग तिने सांगितलं. स्वतःच्या पायावर बोटाने रेघ ओढून दाखवली की इथपर्यंत काढावा लागेल. आजी बराच वेळ गप्प. मग पहिला प्रश्न, गुडघा राहील ना? राहील म्हणाली. चालता येईल? मुलगी खोटं बोलली नाही, म्हणाली लगेच नाही येणार आजी, जखम भरली की नकली पाय लावतात, शिकायला वेळ लागतो, काहींना जमतं काहींना नाही जमत. आणि नाही कापला तर? तर विष अंगात चढेल, मग जीव वाचवणं अवघड होईल. हे बोलताना तिचा आवाज थरथरत होता पण तिने नजर काढली नाही. आजी म्हणाल्या, उद्या सकाळी मुलगा येईल, त्याच्याशी बोलते आणि मग देते अंगठा. झालं, वीस मिनिटं गेली. मुलीने केसपेपरवर तसं लिहिलं आणि पुढच्या बेडकडे गेली.

सकाळी राउंडला काय झालं? दोन पेशंटचे रक्ताचे रिपोर्ट लावायचे राहिले होते आणि आजींच्या फॉर्मवर अंगठा नव्हता. सगळ्या युनिटसमोर, पेशंटसमोर तिला झापलं. तुझ्यामुळे लिस्ट पुढे गेली, एवढं साधं काम होत नाही, असं. आजींना काय सांगितलं, कसं सांगितलं, हे एकानेही विचारलं नाही. मुलगा आला, आजींनी अंगठा दिला, दुपारी ऑपरेशन पण झालं, कोणाचं काही बिघडलं नाही. पण मुलीचे कान लाल झालेले मला आजही दिसतात.

चारेक महिन्यांनी तीच मुलगी फिरून आमच्या वॉर्डात आली. आता हात भराभर चालायला लागला होता. एका आजोबांपुढे पॅड धरलं, म्हणाली, आजोबा इथे, इथे आणि इथे, आणि मान वर केली नाही. पाच सेकंद लागले असतील. मी स्टूल सरकवलं नाही त्या दिवशी, मलाच धीर झाला नाही.

या मुलीला नीतिशास्त्राच्या पेपरात चांगले मार्क होते. तिनेच सांगितलं होतं मला, कन्सेंटचे मुद्दे घडाघडा म्हणून दाखवले होते, पेशंटला त्याच्या भाषेत सांगायचं, फायदे सांगायचे, धोके सांगायचे, दुसरा पर्याय सांगायचा, विचार करायला वेळ द्यायचा. सगळं पाठ. म्हणजे पेपराने तिला शिकवलं एक, आणि त्या एका सकाळच्या राउंडने शिकवलं दुसरं, आणि दुसरं पक्कं बसलं.

हे माझ्या एकटीचं निरीक्षण आहे असं कोणी म्हणेल. रिटायर झाल्यावर मी यावर वाचत गेले तेव्हा कळलं की जगभर लोकांनी हे मोजून बघितलंय. १९९४ मध्ये हॅफर्टी आणि फ्रँक्स या दोघांनी लिहिलं की मेडिकल कॉलेजात एक छुपा अभ्यासक्रम चालतो, जो कुठे छापलेला नसतो, कॅन्टीनमध्ये, कॉरिडॉरमध्ये, राउंडवर शिकवला जातो, कोणाला ओरडा बसतो आणि कोणाचं कौतुक होतं त्यातून मुलं शिकतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या जेफरसन मेडिकल कॉलेजच्या होजत आणि सहकाऱ्यांनी मुलांची पेशंटबद्दलची कणव वर्षावर्षाला तपासली. पहिली दोन वर्षं पुस्तकात असताना ती टिकून होती, आणि तिसऱ्या वर्षी, जेव्हा मुलं खऱ्या पेशंटमध्ये जातात तेव्हा नेमकी घसरली. म्हणजे पेशंट बघून वाढायला हवी ती कमी झाली! हे वाचलं तेव्हा मला त्या मुलीची खाली घातलेली मान आठवली.

अजून एक अभ्यास आहे, तो वाचून तर मी पेपर मिटून ठेवला होता. बाईला भूल दिलेली असताना शिकाऊ मुलं तिची आतून तपासणी करतात, शिकण्यासाठी, बऱ्याच ठिकाणी तिला आधी न विचारता. २००३ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांना विचारलं की यासाठी बाईची परवानगी घेणं किती महत्त्वाचं वाटतं. ज्यांची स्त्रीरोगाची पोस्टिंग झाली होती त्यांना ते पोस्टिंग न झालेल्या मुलांपेक्षा कमी महत्त्वाचं वाटत होतं. आता मला सांगा, ही मुलं वाईट घरची होती का? नाही ना. पोस्टिंगच्या आधी त्यांना जे साधं माणूस म्हणून कळत होतं ते पोस्टिंगने पुसलं. विचारलं असतं तर बऱ्याच बायकांनी हो म्हटलं असतं, मी ३१ वर्षं बघितलंय, पेशंट शिकाऊ मुलांना फार सांभाळून घेतात, फक्त त्यांना विचारावं लागतं.

आता विषय सक्तीचा करा म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट मनापासून ऐकावी. जर्मनीत १९३९ मध्ये वैद्यकीय कायदा आणि व्यवसायधर्म असा विषय मेडिकलच्या मुलांना सक्तीचा केला होता. होय, हिटलरच्या राज्यात. लेक्चर व्हायची, प्रोफेसर नेमले होते. आणि शिकवलं काय जायचं, तर काही माणसांच्या जिवाची किंमत कमी असते, डॉक्टरची बांधिलकी समोरच्या पेशंटपेक्षा वंशाशी जास्त आहे. त्याच देशात १९३१ पासून माणसांवर प्रयोग करताना परवानगी घ्यावी असे सरकारी नियम पण होते. नियम होते, विषय आला, आणि तरी पुढे तिथल्या डॉक्टरांनी छळछावण्यांतल्या कैद्यांवर अमानुष प्रयोग केले. न्यूरेंबर्गला डॉक्टरांचा जो खटला १९४६ च्या डिसेंबरात उभा राहिला त्यात २३ आरोपी होते, त्यातले २० डॉक्टर. १९४७ च्या निकालात जी संहिता आली तिचं पहिलंच कलम आहे की माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक आहे. तर विषयाचं नाव टाइमटेबलमध्ये आहे एवढ्यावर मी तरी समाधानी होणार नाही, मी विचारेन की त्या तासाला मुलगा उठून सर हे मला पटत नाही असं म्हणू शकतो का.

आणि हे फक्त हुकूमशाहीतच होतं असं पण नाही. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, साधारण ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास चालला, त्यातल्या ३९९ जणांना आजार होता, त्यांना नीट सांगितलं नाही की काय झालंय, आणि १९४७ च्या सुमाराला पेनिसिलीन हे सिफिलिसचं नेहमीचं औषध झालं तरी त्यांना ते दिलं नाही, नुसतं बघत राहिले. हे लपून चाललं नव्हतं बरं का, त्यावर जर्नलमध्ये पेपर छापून येत होते, हजारो डॉक्टरांनी वाचले असतील. १९६५ मध्ये आयर्विन शॅट्झ नावाच्या एका तरुण डॉक्टरने असा एक पेपर वाचला आणि पत्र लिहिलं की औषध असताना माणसांना विनाउपचार ठेवणं मला समजू शकत नाही. त्याला उत्तरच दिलं गेलं नाही. पुढे हा अभ्यास चालवणाऱ्या सरकारी आरोग्य खात्यातल्याच पीटर बक्स्टन नावाच्या माणसाने १९६६ पासून तक्रारी केल्या, तो डॉक्टर पण नव्हता, आणि शेवटी १९७२ मध्ये बातमी पेपरात आली तेव्हा ते थांबलं. संपादक साहेब, पेपरात आली तेव्हा थांबलं, म्हणून मी तुम्हालाच लिहितेय.

त्यात एक सिस्टर होत्या, युनिस रिव्हर्स. सुरुवातीपासून त्या कामात होत्या. त्या माणसांना गाडीतून तपासणीला न्यायच्या, त्यांची विचारपूस करायच्या, माणसांचा त्यांच्यावर जीव होता. त्यांच्याबद्दल वाचताना मी खूप वेळ अस्वस्थ होते. त्या दुष्ट होत्या असं मला नाही वाटत. डॉक्टर सांगतायत म्हणजे बरोबरच असणार, हे त्यांना शिकवलं होतं, मलाही तेच शिकवलं होतं.

म्हणून माझं पण सांगायला हवं. आमच्या वॉर्डात एकदा एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याला दिलं गेलं. पेशंटला थंडी वाजून आली, प्रेशर खाली गेलं, धावपळ झाली, सुदैवाने सावरला. ज्या रेसिडेंटच्या हातून झालं तो पोरगा पांढराफटक पडला होता, तो स्वतःहून सीनियरला सांगायला गेला. सीनियर म्हणाले, केसपेपरवर रिॲक्शन लिही, नातेवाईकांना पण तेच सांग, बाकी काही बोलायचं नाही. त्या पोराने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असेल सिस्टर काहीतरी म्हणतील. मी ट्रॉली पुसायला लागले. पुसलेलीच होती ती. त्याने रिॲक्शन लिहिलं. आजपर्यंत मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री त्याला दोघांनी धडा दिला, सीनियरने बोलून आणि मी न बोलून.

१९६६ मध्ये हॉफलिंग नावाच्या डॉक्टरांचा एक प्रयोग छापून आला होता. वॉर्डात फोन यायचा, ओळख नसलेला माणूस म्हणायचा मी डॉक्टर बोलतोय, अमुक पेशंटला अमुक औषध २० मिलिग्रॅम द्या. बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं की दिवसाला १० च्या वर द्यायचं नाही. औषध खोटंच होतं, निरुपद्रवी. २२ सिस्टरांना फोन गेले, २१ जणी द्यायला निघाल्या, बेडपाशी थांबवावं लागलं. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या सिस्टरांना आणि नर्सिंगच्या मुलींना नुसतं तोंडी विचारलं की असा फोन आला तर काय कराल, तर १२ पैकी १० सिस्टर म्हणाल्या देणार नाही, आणि २१ च्या २१ विद्यार्थिनी म्हणाल्या देणार नाही. त्या खोटं बोलत नव्हत्या. वर्गात बसून प्रत्येकीला असंच वाटतं. फोनवर डॉक्टरचा आवाज, समोर ऑर्डर, रात्रीची वेळ, तिथे वेगळं होतं. आपण मेडिकलच्या मुलांची परीक्षा वर्गात घेतो आणि मग ती वॉर्डात नापास झाली की म्हणतो संस्कार कमी पडले.

संस्कारांवरून आठवलं. बरेच जण म्हणतात की नीतिमत्ता शिकवून येत नाही, ती घरून यावी लागते, एकवीस वर्षांच्या पोराला काय शिकवणार. मला हे पटत नाही. घरून चांगुलपणा येतो हे खरं, पण घरी कोणी शिकवत नाही की पंधरा वर्षांच्या मुलीने एकटीला गाठून काही सांगितलं आणि आईला सांगू नका म्हणाली तर काय करायचं. आयसीयूत एकच बेड आहे आणि पेशंट दोन आहेत तर कोणाला. शुद्धीतला समजूतदार माणूस रक्त चढवायला नको म्हणतोय आणि रक्ताशिवाय तो जाऊ शकतो, तर. या गोष्टींना नियम पुरत नाहीत, विचार करायची सवय लागते, आणि सवय लागायला करून बघावं लागतं, चुकावं लागतं, कोणीतरी प्रेमाने चूक दाखवावी लागते. टाके घालायला आपण असंच शिकवतो की नाही?

आणि योग्य काय हे पण काळाबरोबर बदलतं. अमेरिकेत १९६१ मध्ये डॉक्टरांना विचारलं होतं की कॅन्सर झालाय हे पेशंटला सांगता का, तर ९० टक्के म्हणाले शक्यतो नाही सांगत. १९७९ मध्ये परत विचारलं तर ९७ टक्के म्हणाले सांगतो. अठरा वर्षांत पूर्ण उलटं. १९६१ चे डॉक्टर वाईट नव्हते, त्यांनाही पेशंटची काळजीच होती. मग मुलांना तयार उत्तरं पाठ करून देऊन कसं चालेल, दहा वर्षांनी प्रश्न बदलेल तेव्हा ती काय करणार.

हे कसं शिकवावं ते मी एका सरांकडे बघितलंय, आणि माझं सगळं म्हणणं त्यांच्यावरून आहे. मेडिसिनचे सर होते, मी थोडे दिवस त्यांच्या वॉर्डात होते. आठवड्यातून एकदा राउंड संपल्यावर मुलांना ड्युटी रूममध्ये बसवायचे, मला आणि वॉर्डातल्या मावशींना पण बोलवायचे, दार लावून घ्यायचे आणि विचारायचे, या आठवड्यात कोणाच्या मनाला काय लागलं? पहिले दोन आठवडे कोणी तोंड उघडलं नाही. मग सरांनी स्वतःची एक चूक सांगितली, पेशंटचा रिपोर्ट बघायला उशीर झाला होता आणि त्यांनी घरच्यांना जाऊन सांगितलं होतं की माझी चूक झाली. त्यानंतर मुलं बोलायला लागली.

एकदा एका विद्यार्थ्याने सांगितलं की पेशंट असलेल्या एका मावशींना कॅन्सर निघालाय, मुलगा म्हणतो आईला अजिबात सांगायचं नाही, आणि त्या मला रोज विचारतात रिपोर्ट आला का, मी रोज टाळतो, आता त्यांच्या बेडजवळून जायचं बंद केलंय. सरांनी लगेच उत्तर दिलं नाही. चार प्रश्न त्यांनी फळ्यावर कायमचे लिहून ठेवले होते, आजारासाठी काय करणं योग्य आहे, पेशंटला काय हवंय, यानंतर त्याचं जगणं कसं असेल, आणि घरचे, पैसा, कायदा, आजूबाजूचं सगळं काय म्हणतं. मुलं बोलली, दुसऱ्या प्रश्नावर अडकली. पेशंटला काय हवंय? कोणालाच माहिती नव्हतं, कारण मुलाला सगळ्यांनी विचारलं होतं, मावशींना कोणीच विचारलं नव्हतं. सर त्या विद्यार्थ्याला घेऊन मावशींकडे गेले, पडदा ओढला, बसू का म्हणून विचारलं, बसले, आणि म्हणाले, तुमच्या तपासण्यांबद्दल तुम्हाला किती सांगितलेलं आवडेल, सगळं तुम्हाला सांगू, की मुलाला सांगू?

मावशी म्हणाल्या, मुलालाच सांगा, मला एवढंच सांगा दुखायचं कमी होईल का.

परत आल्यावर खूप वाद झाला. एक मुलगी म्हणाली झालं, त्यांनीच सांगितलं नको, आता प्रश्न मिटला. दुसरा म्हणाला पण मुलगा बाहेर उभा होता, त्यांना माहिती होतं त्याला काय हवंय. सर म्हणाले, दोघांचं बरोबर असू शकतं, तीन दिवसांनी परत विचारू, मुलगा नसताना. तीन दिवसांनी तो विद्यार्थी एकटाच गेला, त्यानेच मागून घेतलं ते काम. मावशी म्हणाल्या, बस, आता सांग. मी लांबून बघत होते, तो बसला होता आणि त्याचा हात मावशींनी धरला होता. या अर्ध्या तासाला कुठल्याही परीक्षेत एक मार्क नव्हता. तरी सांगते, तो मुलगा पुढे कुठेही गेला असेल तरी बेडजवळून जायचं टाळणार नाही याची मला खात्री आहे.

तर मागायचं तर मी हे मागेन. पहिल्या वर्षी लेक्चर ठेवा, न्यूरेंबर्ग शिकवा, टस्कीगी शिकवा, सिस्टर रिव्हर्सचं नाव सांगा, पण खरा तास प्रत्येक पोस्टिंगमध्ये ठेवा, मुलांच्या स्वतःच्या पेशंटवर, आणि तो घेणारा माणूस त्या मुलांना मार्क देणारा नको, नाहीतर कोण खरं बोलेल. त्यात सिस्टरना बसवा, वॉर्डबॉयला, मावशींना बसवा, डॉक्टर गेल्यावर पेशंट काय बोलतो ते आम्हाला माहिती असतं. अधूनमधून बरा झालेला पेशंट पण बोलवा. परीक्षा घ्यायचीच असेल तर समोर माणूस बसवून घ्या, वाईट बातमी कशी सांगतो, चूक झाली तर कबूल कशी करतो, सीनियरला नाही कसं म्हणतो, ते करून दाखवू दे. आणि मुलाला जर चुकीचं काही करायला सांगितलं गेलं तर ते सांगायला एक जागा पाहिजे जिथून त्याचं नाव फुटणार नाही आणि व्हायव्हात त्याचा सूड निघणार नाही. ती जागा नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे, हे मी ट्रॉली पुसलेल्या हाताने लिहितेय.

सीनियर लोकांची पण तपासणी झाली पाहिजे. ऑपरेशन किती केली, पेपर किती छापले हे बघता ना, मग मुलांसमोर पेशंटशी कसे वागता, आपल्या हाताखालच्यांना कसे झापता, हेही बघा, मुलांना विचारा, सिस्टरना विचारा. मला माहितीये यावर सगळ्यात जास्त विरोध होईल.

आणि एखाद्या मुलाचं वागणं सुरुवातीपासूनच बेफिकीर असेल तर हुशार आहे म्हणून सोडून देऊ नका. २००५ मध्ये पापाडाकिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन मेडिकल कॉलेजांतून शिकून गेलेल्या आणि पुढे मेडिकल बोर्डाची कारवाई झालेल्या २३५ डॉक्टरांच्या जुन्या फायली काढून बघितल्या. कॉलेजात असताना वागणुकीबद्दल नोंद असण्याचं प्रमाण त्यांच्यात बाकीच्यांपेक्षा साधारण दुप्पट निघालं. सगळ्यात जास्त संबंध कशाशी होता, तर बेजबाबदारपणाशी आणि सांगूनही न सुधारण्याशी. म्हणजे खुणा तेव्हाच दिसत होत्या. आमच्याकडे पण दिसायच्या, कोण पेशंटला नावाने हाक मारतो आणि कोण बेड नंबर चौदाचा हर्निया म्हणतो, कोण न केलेली तपासणी नॉर्मल म्हणून लिहून टाकतो. आम्हाला कोणी विचारलं नाही कधी.

एक अजून, घाईत सांगते पण महत्त्वाचं आहे. तीस तीस तास जागं ठेवलेल्या पोराकडून कणवेची अपेक्षा ठेवणं हे पण अन्यायच आहे. जगातल्या डॉक्टरांची १९४८ ची जिनिव्हाची शपथ २०१७ मध्ये सुधारली, त्यात पेशंटच्या निर्णयाचा मान राखण्याबरोबर हेही घातलंय की मी माझ्या स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष देईन. त्या इंटर्न मुलीला त्या रात्री सात कन्सेंट, अकरा जणांचं रक्त आणि दोन नवीन ॲडमिशन होत्या. त्यातली वीस मिनिटं तिने आजींना दिली होती.

पत्र मोठं झालंय याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर परदेशातल्या अभ्यासांचं कापा, आकडे कापा, माझ्या मागण्या पण थोड्या कमी केल्यात तरी चालेल. आजींचं आणि स्टुलाचं तेवढं राहू द्या. ती मुलगी आज कुठेतरी मोठी डॉक्टर असेल, तिच्या हाताखाली इंटर्न असतील, तिने वाचलं तर तिला कळेल की त्या रात्रीचं कोणीतरी बघितलं होतं, आणि ते बरोबर होतं हे मी त्याच सकाळी राउंडवर सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं.

आपली,
एक निवृत्त सिस्टर